‘रविवारी बंद’चा खेळ

मर्विन ट्रेसिडरला एक सिनेमा आवडत असे. एवढ्यावर कुणाची हरकत असण्याचं कारण नाही. चष्म्याचं दुकान चालवणाऱ्या, अंगणातलं गवत वेळच्या वेळी कापणाऱ्या आणि कचऱ्याचे डबे योग्य वारी, योग्य रंगाचे बाहेर ठेवणाऱ्या सभ्य गृहस्थाला एखादा सिनेमा आवडला, तर बिघडलं कुठे? पण तो दुसऱ्यांनाही आवडला पाहिजे असं मर्विनला वाटू लागलं, आणि तिथून सगळं बिघडलं.

सिनेमाचं नाव ‘रविवारी बंद’. तीसेक वर्षांपूर्वी कुणीतरी उसन्या कॅमेऱ्यावर तो काढला होता, तोही ऑस्ट्रेलियात, ॲडलेडच्या उत्तरेला, खुद्द विराबीन या उपनगरात. गोष्ट म्हणाल तर अशी: चार तरुण पोरं. रविवार. शॉपिंग सेंटर बंद. रिकाम्या पार्किंगमध्ये ती सामानाच्या ट्रॉल्यांवर बसून शर्यती लावतात, भांडतात, कोमट बिअर पितात आणि संध्याकाळ होते. संपलं.

“मग पुढे?” मर्विनच्या बायकोने, ग्लेनिसने, लग्नाआधी तो पहिल्यांदा पाहिला तेव्हा विचारलं होतं.

“पुढे काही नाही! तीच तर गंमत आहे!” मर्विन इतक्या आनंदाने ओरडला, की त्या ओरडण्यावर भाळून आपण लग्नाला हो म्हटलं असं ग्लेनिस आजही सांगते. सिनेमा मात्र तिला अजून कळलेला नाही.

शहरातल्या एका थेटरात तो आठवडाभर चालला. मर्विन पाहायला गेला त्या दिवशी प्रेक्षागृहात त्याच्याशिवाय एक जोडपं होतं, त्याला सिनेमाशी कर्तव्य नव्हतं. आणि एक म्हातारा होता, तो झोपायला आला होता. मर्विनही असल्याच एका उपनगरात वाढलेला. तशीच विटांची एकसारखी घरं, तसंच तापलेलं डांबर, तोच न संपणारा रविवार. आपल्यासारख्यांच्या कंटाळ्यावर कुणी सिनेमा काढावा आणि तो इतका सुंदर असावा, या धक्क्यातून तो सावरला नाही. पुढे दुकान काढायची वेळ आली तेव्हा शहरातली चांगली जागा सोडून त्याने विराबीनच्या त्या शॉपिंग सेंटरातच गाळा घेतला. ग्लेनिसला त्याने पार्किंग सोयीचं असल्याचं कारण दिलं. ते एका अर्थी खरंच होतं.

दुकानात सिनेमाचा प्रचार चाले. डोळे तपासण्याच्या यंत्रावर हनुवटी टेकवून बसलेल्या माणसाला पळता येत नाही, हे मर्विनच्या लवकरच ध्यानात आलं होतं. “पापणी मिटू नका हं,” म्हणायचं आणि गिऱ्हाइकाच्या बुबुळात डोकावत सुरू करायचं. त्यातली डेनी नावाची मुलगी, तिचा तो शेवटचा प्रसंग, काही न बोलता ट्रॉलीत बसून राहणं... गिऱ्हाइकं नम्रपणे “हं, हं” करत. त्या हुंकारांना मर्विन कुतूहल समजे.

तर या उपेक्षित कलाकृतीचा जाहीर गौरव करायचा, तिच्याच गावात तिचा खेळ लावायचा, असं त्याने एका सकाळी टोस्ट खाताना ठरवलं. चुकून तो ते कुंपणाजवळ मोठ्याने बोलला. कुंपणापलीकडे शेजारचा ग्रीक थानासी कारवेलास टोमॅटोच्या वेलींना काठ्या बांधत होता.

“माझ्या गॅरेजात लाव,” थानासी लगेच म्हणाला. “भिंत पांढरी आहे. मी अख्खं कोकरू भाजतो. माणसं कोकरासाठी येतील, सिनेमा त्यांना फुकट.”

“थानासी, ही कलाकृती आहे. जत्रा नाही.”

“अरे बाबा, कलाकृती असली म्हणून काय लोकांनी उपाशी बघायची? तुमच्या इंग्रजी कार्यक्रमांचं हेच चुकतं. चीजचा एक तुकडा, त्यावर एक द्राक्ष, आणि म्हणे या, बसा!”

मर्विन दुखावला. आपले पूर्वज इंग्रज नसून कॉर्नवॉलचे होते, हे त्याने थानासीला कैकदा सांगितलं होतं. थानासीच्या मते त्याने द्राक्षांत काही फरक पडत नव्हता.

गॅरेज नको म्हटल्यावर आली कौन्सिल. कौन्सिलच्या सभागृहासाठी मर्विन पोलग्रीन नावाच्या एका तरुण अधिकाऱ्यापुढे जाऊन बसला. पोलग्रीन फार गोड बोलायचा. नाही म्हणताना तर अधिकच.

“कल्पना सुंदर आहे. चित्रपटाचं वर्गीकरण कोणतं?”

“उपनगरी काव्यात्म वास्तववाद,” मर्विन म्हणाला.

“म्हणजे मुलांना चालेल, की मोठ्यांनाच?”

ते मर्विनला माहीत नव्हतं. मग निर्मात्याची परवानगी हवी असं निघालं. निर्माती कंपनी केव्हाच बुडालेली. दिग्दर्शक न्यूझीलंडमध्ये बकऱ्या पाळत होता. मोठ्या खटपटीने मर्विनने त्याला फोनवर गाठलं आणि सांगितलं, की आपण त्यांच्या चित्रपटाचे आजन्म भक्त आहोत.

“कुठला चित्रपट?” पलीकडून आवाज आला. मागे बकऱ्या ओरडत होत्या. “अच्छा, तो! दाखवा की. पण मला बोलावू नका. त्यात आवाज नीट धरलेला नाही, अजून स्वप्नात येतं माझ्या.”

परवानगी मिळाली. पण सभागृहाचा विमा, जादा स्वच्छतागृह आणि ‘गर्दी पांगवण्याची योजना’ एवढं राहिलंच. गर्दी जमण्याचीच मर्विनला खात्री नव्हती, तिथे ती पांगवण्याची योजना कुठून आणणार? त्याने सभागृहाचा नाद सोडला.

उरला विराबीन बोलिंग क्लब. हिरवळीवर चेंडू घरंगळवणाऱ्या ज्येष्ठांचा हा क्लब. रविवारी दुपारी तिथे तळलेले सॉसेज आणि कांदे मिळत आणि चार वाजता मांसाची सोडत निघे. ज्याचा नंबर लागेल त्याला कोकराची तंगडी. या सोडतीला विराबीनमध्ये निवडणुकीपेक्षा जास्त मान होता.

क्लबची चिटणीस लॉरेल बिकरस्टाफ. पन्नाशीची, रुंद खांद्यांची, आखूड केसांची बाई. हिरवळीवर कुणी टाचेचे बूट घालून गेलं, तर नुसत्या नजरेने त्याला परत फिरवणारी. मर्विनकडेच ती वर्षानुवर्षं डोळे तपासायला यायची. ओळख आहे, काम होईल, अशा समजुतीने तो गेला.

“तो सिनेमा इथे नको,” ती म्हणाली. “त्यात शिव्या आहेत.”

“बाई, त्या शिव्या नाहीत. ते त्या पोरांचं मौन आहे. शब्दरूप मौन!”

“लॉन्ड्रीच्या मागे ती मुलगी सुरक्षारक्षकाला जे म्हणते, ते मौन?”

मर्विन चमकला. लॉन्ड्रीमागचा प्रसंग हिला कसा ठाऊक? मग त्याला आठवलं, हिची हनुवटी आपल्या यंत्रावर किती वेळा टेकली होती. आपल्या प्रचाराला फळ आलं, या विचाराने तो सुखावला आणि त्याला चेव आला.

“त्या मुलीचंच घ्या. डेनीचं काम केलेली लोरी पाइक. एवढी गुणी मुलगी! पुढे तिचं नावसुद्धा कुठे आलं नाही. मला वाटतं, ती वारली असावी.”

“असं वाटतं तुम्हाला?”

“नाहीतर इतकी मोठी नटी गप्प कशी बसेल? अहो, त्या वेळी एका टीकाकाराने लिहिलं होतं, हिचा चेहरा म्हणजे शटर ओढलेलं दुकान. मूर्ख माणूस! त्याला एवढं कळलं नाही, की शटरच्या आत दिवा जळतोय. ते ज्याला दिसत नाही त्याने आधी माझ्याकडे येऊन डोळे तपासून घ्यावेत. फुकट तपासीन!”

लॉरेलबाई बराच वेळ खिडकीबाहेर हिरवळीकडे बघत राहिली. तिथे बघण्यासारखं काही नव्हतं. फवारा चालू होता.

“रविवारी दुपारी दोन,” ती अखेर म्हणाली. “चारला सोडत. सिनेमा कुठेही असला, तरी चारला बंद. आणि हिरवळीवर कुणी पाय ठेवायचा नाही.”

कलेसाठी आपण काय बोललो, या धुंदीतच मर्विन घरी आला आणि स्वतःच्या हाताने सुबक जाहिरात रंगवली. ती त्याने क्लबच्या दारावर, बेकरीत आणि औषधांच्या दुकानात लावली. त्यावर ठळक अक्षरांत होतं:

‘रविवारी बंद’
विराबीन बोलिंग क्लब
दुपारी २ वाजता

चित्रपट हा शब्द त्याने तळाशी, नाजूक अक्षरांत घातला होता. सवंगपणा नको म्हणून. डोळे तपासायच्या तक्त्यावर तळाचीच ओळ वाचता येत नाही म्हणून रोज माणसं आपल्याकडे येतात, हे त्याच्या लक्षात यायला हवं होतं.

दोन दिवसांत विराबीन पेटलं. क्लब रविवारी बंद! सोडतीच्याच दिवशी! ऐंशीच्या घरातला क्लॅरी हॉस्किन, ज्याला आयुष्यात एकदाही तंगडी लागली नव्हती आणि या रविवारी नक्की लागणार असं स्वप्न पडलं होतं, त्याने बेकरीत पाव घेता घेता भाषण केलं. “आज रविवार बंद करतील, उद्या बिअर बंद करतील!” लोक निषेधाला दोन वाजता जमणार असं ठरलं.

यातलं मर्विनच्या कानावर काही आलं नाही. तो दुकान बंद झाल्यावर आरशापुढे उभा राहून प्रास्ताविकाचा सराव करत होता.

रविवारी सकाळपासून यंत्रांशी झटापट झाली. सिनेमाची प्रत होती ती जुन्या व्हिडिओ कॅसेटवर, आणि ती चालवणारं यंत्र सगळ्या विराबीनमध्ये थानासीच्या गॅरेजातच निघालं. “एकदम चालू आहे,” थानासी म्हणाला, “फक्त आत एक कॅसेट अडकलीय. ती आपोआप येते बाहेर, तिचं मन झालं की.” पडदा म्हणून ग्लेनिसने पलंगावरची पांढरी चादर दिली. ती कडेला इलॅस्टिक असलेली निघाली. टांगल्यावर चारी बाजूंनी आक्रसून ती मधे फुगली.

“माणसं जरा गुटगुटीत दिसतील,” ग्लेनिस म्हणाली.

“ग्लेनिस, ही बेकार पोरं आहेत. ती गुटगुटीत कशी दिसून चालतील?”

“तुला ओढून धरायची असेल तर धर दोन तास.”

दोनला दार उघडलं. हॉल भरला. खुर्च्या संपल्या, माणसं भिंतीला टेकून उभी राहिली. एवढे रसिक! आपण या उपनगराला ओळखलंच नाही, असं वाटून त्याचे डोळे भरून आले. रसिकांच्या हातांत पाट्या होत्या, त्यावर काय लिहिलंय हे त्याला त्या ओल्या डोळ्यांनी दिसलं नाही. तो पुढे झाला, घसा साफ केला.

“मित्रहो, ‘रविवारी बंद’ म्हणजे काय? हा प्रश्न आज आपल्यापुढे उभा आहे...”

“उभाच आहे!” क्लॅरी उठला. “कुणी ठरवलं बंद?”

“हं... दिग्दर्शकाने.”

“कुठे आहे तो?”

“न्यूझीलंडला. बकऱ्या पाळतो.”

“न्यूझीलंडचा माणूस आमचा क्लब बंद करणार?” असा जो गिल्ला झाला, त्यात मर्विनचं प्रास्ताविक गेलं ते गेलंच. शेवटी स्वयंपाकघराच्या हॉलकडे उघडणाऱ्या खिडकीतून लॉरेलबाईचं डोकं बाहेर आलं. हातात कांद्याची सुरी होती.

“क्लब उघडा आहे. सोडत चारला. हा सिनेमा आहे. बसा खाली.”

सगळे बसले. मर्विनने दिवे घालवून बटण दाबलं. चादरीवर एक दाढीवाला पाद्री प्रकटला आणि त्याने एक ओरडणारं बाळ पाण्यात बुडवलं. थानासीच्या नातीचं बारसं! अडकलेल्या कॅसेटचं अजून मन झालेलं नव्हतं. मर्विन यंत्राला थापडा मारू लागला. थानासी मात्र खुर्चीवर उभा राहून, “ती बघा, ती माझी मेहुणी,” असं सांगत होता.

“आवडला मला,” बारसं संपून कॅसेट एकदाची बाहेर आली, तेव्हा क्लॅरी म्हणाला. “पाद्र्याने काम छान केलं. एवढाच होता?”

अखेर ‘रविवारी बंद’ सुरू झाला. पडद्यावर पार्किंग आलं, फुगलेलं आणि कडेला गोल झालेलं, तरी तेच. पहिला रिकामा दीर्घ क्षण. या क्षणाला पूर्ण शांतता हवी, असं मर्विन सांगणार होता.

“अरे, ती बघ! माझी पिवळी गाडी!” मागून कुणीतरी किंचाळलं.

“तुझी कसली, तुझ्या भावाची. तू लायसन नसताना चालवायचास.”

“आणि ती बघ खिडकीत. आई! अगंबाई, आईला कुणी सांगितलंच नाही, की तिला सिनेमात घेतलंय!”

मर्विन “श्श, श्श” करत खुर्च्यांमधून फिरू लागला. कुणी ऐकेना. हॉलमधला प्रत्येक माणूस पडद्यावरच्या कुठल्या ना कुठल्या कुत्र्याला, कुंपणाला, काकाला ओळखत होता. हळूहळू मर्विनला जे कळत गेलं ते भयंकर होतं. या सगळ्यांनी हा सिनेमा पाहिलेला होता. निम्म्यांच्या घरी कपाटात त्याची कॅसेट होती. जगात आपणच एकटे याचे जाणते, अशा समजुतीवर त्याने अख्खी उमर काढली होती. आणि ही माणसं त्याचं नावही विसरली होती, त्याला सिनेमादेखील म्हणत नव्हती. “ती आपली पार्किंगची टेप” म्हणत होती.

तो भिंतीला टेकून उभा राहिला. तीस वर्षं जपलेली आपली एकट्याची गोष्ट अख्ख्या गावाने आधीच वाटून घेतली होती, आणि वर लोक सॉसेज खात होते.

तेवढ्यात पडद्यावर डेनी आली. विस्कटलेले केस, बापाचा शर्ट, ट्रॉलीत उलटी बसलेली. आणि हॉलमधून एकच गलका उठला.

“लॉरेल! ए लॉरेल! बाहेर ये! तू आलीस!”

मर्विनला वाटलं आपण चुकीचं ऐकलं. शेजारी थानासी होता, त्याचा त्याने दंड धरला. “ते तिला का हाका मारतायत?”

“का म्हणजे? तीच आहे ना ती. लोरी पाइक. बिकरस्टाफशी लग्न झालं, मग लॉरेल बिकरस्टाफ.” थानासीने त्याच्याकडे निरखून पाहिलं. “मर्व, तुला माहीत नव्हतं? तू रोज या सिनेमाबद्दल बोलतोस! आम्हाला वाटलं, तू तिची लाज राखायला म्हणून नाव घेत नाहीस. सगळे म्हणायचे, काय सभ्य माणूस आहे.”

मर्विनने चादरीवरच्या चेहऱ्याकडे पाहिलं, मग खिडकीकडे. या बाईच्या दोन्ही डोळ्यांत आपण भिंग लावून, श्वास रोखून पाहिलं. एकदा नव्हे, दरवर्षी. आणि तिच्याच तोंडावर सांगितलं, की तुम्ही वारल्या असाल. जमीन दुभंगून आपल्याला पोटात घेईल तर बरं, असं त्याला वाटलं. पण खाली क्लबची मजबूत लाकडी फळ्यांची जमीन होती.

तो स्वयंपाकघरात गेला. लॉरेलबाई दाराकडे पाठ करून कांदे चिरत होती. दोन पातेली भरून कांदा चिरून झाला होता आणि ती तिसऱ्यात चिरत होती.

“मला... मी ओळखलं नाही,” मर्विन म्हणाला. “माफ करा.”

“मेलेल्या बाईला कसं ओळखणार?” ती म्हणाली. पाठ तशीच.

“तुम्ही पाहत का नाही? बाहेर सगळे बोलावतायत.”

“मी तो कधीच पाहिला नाही.” सुरी थांबली. “थेटरात लागायच्या आदल्या दिवशी पेपरात ते आलं होतं, दुकानाचं शटर. बाबांनी नाश्त्याला मोठ्याने वाचलं. हसायचे थांबेनात. त्यांच्या मनात वाईट नव्हतं, त्यांना विनोद वाटला. मी सिडनीला जायचं तिकीट काढलं होतं, पुढचं काम बघायला. गेले नाही. दुसऱ्या दिवशी बेकरीत लागले.” ती पुन्हा चिरू लागली. “लोकांना गाड्या बघू दे त्यांच्या. मला कामं आहेत.”

मर्विनपाशी या चित्रपटाविषयी तासभर बोलता येईल इतका मजकूर होता. त्यातलं एक वाक्य आठवेना. तो नुसता पुढे झाला, खिडकीची फळी पूर्ण वर सरकवली आणि तिथून बाजूला झाला.

खिडकीतून पडदा जरा तिरपा, पण स्पष्ट दिसत होता. बाहेर गोंगाट चालूच होता. क्लॅरी कुणाच्या तरी कुत्र्याचं नाव आठवत होता. पडद्यावर संध्याकाळ झाली. बाकीची पोरं गेली. डेनी एकटी ट्रॉलीत. पार्किंगचे दिवे एकामागून एक लागले. एकोणीस वर्षांची ती मुलगी काही करत नव्हती. फक्त घरी जावं की नाही, हे ठरवत होती, आणि ते तिच्या चेहऱ्यावर इतकं लख्ख दिसत होतं की बघणाऱ्याने श्वास घ्यायला विसरावं.

लॉरेलबाईने एकदा खांद्यावरून पाहिलं. मग वळली. सुरी खाली ठेवली. ॲप्रनला हात पुसत ती खिडकीपाशी आली, कोपर टेकवून वाकली, आणि अख्खा हॉल दणाणेल अशा आवाजात ओरडली,

“गप्प बसा रे सगळे! मला ऐकू द्या!”

त्या प्रसंगात ऐकण्यासारखा एकही संवाद नव्हता. पण हॉल असा चिडीचूप झाला, की तळणीतल्या सॉसेजची चुरचुर तेवढी ऐकू येत राहिली. क्लॅरीने टोपी काढून मांडीवर ठेवली. भिंतीवरच्या घड्याळात चार वाजून गेले होते. सोडतीचं नाव कुणी काढलं नाही.

दिवे लागले, टाळ्या झाल्या, मग मांसाची सोडत निघाली. क्लॅरीला तंगडी लागली नाही. ती ग्लेनिसला लागली. तिने सोडतीचं तिकीट घेतल्याचं मर्विनला ठाऊकही नव्हतं. लोक गाड्यांविषयी आणि कुत्र्यांविषयी बोलत पांगले. चित्रपटाच्या कलात्मकतेबद्दल कुणी एक अक्षर काढलं नाही. फक्त थानासीने “पुढच्या वेळी कोकरू” असं बजावलं.

हॉल रिकामा झाल्यावर मर्विन चादरीच्या गाठी सोडत होता. लॉरेलबाई समोर येऊन उभी राहिली. डोळे लाल होते. त्यावर कांद्याचं कारण द्यायची तिने तसदी घेतली नाही.

“एक विचारते. तुझं ते काव्यात्म बिव्यात्म नको. एका शब्दात सांग. मी चांगली होते?”

“हो,” मर्विन म्हणाला.

ती जरा वेळ थांबली, याच्यापुढे आणखी काही येतंय का, ते बघत. काही आलं नाही.

“बरं,” ती म्हणाली. “आता त्या खुर्च्या उचल. सकाळी महिलांची मॅच आहे.”

मर्विनने बाह्या सरसावल्या. लॉरेलबाईने दुसऱ्या टोकापासून सुरुवात केली. खुर्च्या रचता रचता ती लॉन्ड्रीमागचं ते सुरक्षारक्षकाला उद्देशून असलेलं वाक्य स्वतःशीच पुटपुटली. मग ते पुन्हा म्हणाली, या वेळी जरा मोठ्याने, योग्य त्या शब्दावर जोर देऊन.